चाव्यानंतर

एप्रिल २०२४ मधली गोष्ट. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, टॅम्पा शहराच्या दक्षिण टोकाला मॅकडिल नावाचा हवाई दलाचा तळ आहे. उडत्या विमानांना हवेतच इंधन पुरवणारी अवाढव्य विमाने तिथे उभी असतात. एके दिवशी अशाच एका विमानाच्या चाकांपाशी एक भलाथोरला ॲलिगेटर पहुडलेला दिसला. वन्यजीव खात्याची माणसे आली. फास पडले, झटापट झाली, जनावराने अंग पिळवटून गिरक्या घेतल्या. शेवटी त्याचा जबडा बांधला गेला आणि त्याला उचलून हिल्सबरो नदीत सोडण्यात आले. ती चित्रफीत जगभर फिरली. टॅम्पा नकाशावर कुठे आहे हे ज्यांना सांगता येणार नाही, त्यांनीही ती पाहिली, दुसऱ्याला पाठवली आणि ते पुढच्या चित्रफितीकडे वळले.

त्याच वर्षी ३० ऑगस्टला, त्याच टॅम्पाच्या सव्वीस वर्षांच्या एका रॅपर मुलीचा एकोणीस गाण्यांचा संग्रह बाहेर आला. तिचे रंगमंचावरचे नाव डोची. संग्रहाचे नाव ‘ॲलिगेटर बाइट्स नेव्हर हील’, म्हणजे ॲलिगेटरचे चावे कधीच भरून येत नाहीत. मुखपृष्ठावर ती स्वतः बसली आहे आणि तिच्या मांडीवर एक पांढराफटक ॲलिगेटर आहे. तिथे फास नाही, पिंजरा नाही, झटापट नाही. घरातले मांजर घेऊन बसावे तशी ती त्या जनावराला घेऊन बसली आहे.

गाव एक, प्राणी एक, वर्षही एक. तरी या दोन चित्रांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक नेमका कशाचा, हे मला समजून घ्यायचे आहे. एक सनसनाटी आणि दुसरी कलात्मक, एवढे म्हणून भागत नाही. माझे म्हणणे असे आहे : बातमीला चावा दिसतो, संगणकीय खेळाला जबडा दिसतो, पण चावा घेतल्यानंतर काय होते ते पाहायला दोघांनाही सवड नसते. त्या ‘नंतर’ची गोष्ट सांगायला माणूस तिथलाच असावा लागतो, आणि त्याला थांबावे लागते. डोचीच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांचे मोल या थांबण्यात आहे.

*

आधी बातमीचे पाहू. फ्लोरिडात ॲलिगेटर हा नवलाचा प्राणी नाही. राज्यात अंदाजे १३ लाख ॲलिगेटर आहेत आणि ६७ च्या ६७ काउंट्यांत ते आढळतात. तळ्यात, कालव्यात, गोल्फच्या मैदानातल्या डबक्यात, पावसाचे पाणी साठावे म्हणून वसाहतीमागे खणलेल्या खड्ड्यात, कुठेही. कातड्यासाठी त्यांची इतकी बेसुमार शिकार झाली होती की १९६७ मध्ये त्यांना संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घालावे लागले. संरक्षण मिळाले आणि वीस वर्षांत, १९८७ मध्ये, त्यांची संख्या सावरल्याचे जाहीर झाले. वन्यजीव संरक्षणातल्या मोठ्या यशांत त्याची गणना होते. माणसांवरच्या हल्ल्यांचे म्हणाल, तर राज्याच्या वन्यजीव आयोगाकडे १९४८ पासूनच्या नोंदी आहेत. २०२१ पर्यंतच्या या नोंदींत कुणी डिवचलेले नसताना झालेले ४४२ चावे आहेत आणि त्यांपैकी २६ जीवघेणे ठरले. दोन कोटींहून जास्त वस्तीच्या राज्यात, सात दशकांहून अधिक काळात, २६. एकेक मृत्यू त्या त्या घराला आयुष्यभर पुरणारा असतो, याचा मला विसर पडलेला नाही. पण बातम्या पाहून मनात उभे राहते ते चित्र या आकड्यांतून निघत नाही.

मग ते येते कुठून? याचे एक उत्तर कायद्यात आहे. सरकारी कागदपत्रे कुणालाही पाहायला मिळावीत असा कायदा फ्लोरिडात १९०९ पासून आहे. १९६७ मध्ये सरकारी बैठकाही लोकांसाठी उघड्या करणारा कायदा झाला. त्याला तिथे सूर्यप्रकाशाचे नाव दिलेले आहे. त्यामुळे अटकेचे कागद पत्रकाराच्या हाती इतर राज्यांच्या मानाने फार लवकर आणि फार सहज पडतात. २०१३ मध्ये ट्विटरवर ‘फ्लोरिडा मॅन’ नावाचे खाते निघाले. ‘फ्लोरिडाच्या माणसाने अमुक केले’ अशा धाटणीचे मथळे तिथे एकापाठोपाठ एक मांडले जाऊ लागले आणि बघता बघता एक अख्खे राज्य हसण्याचा विषय झाले. या कथांत ॲलिगेटर हा हमखास यशाचा नट. २०१५ मध्ये एका तरुणाने खाद्यपदार्थांच्या दुकानाच्या खिडकीतून, जिथे गाडीत बसूनच खाणे मागवतात त्या खिडकीतून, एक जिवंत ॲलिगेटर आत फेकला. ती बातमी वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा सांगितली गेली. सत्तेवर उजेड पडावा म्हणून केलेला कायदा. उजेड पडत राहिला तो नशेतल्या, मनाने आजारी, खिशाने रिकाम्या माणसावर. मला हे खुपते. अटकेच्या कागदाला दोन ओळींचा विक्षिप्तपणा पुरतो. त्या माणसाचे पुढे काय झाले हे कोणत्याच मथळ्यात येत नाही.

जनावराचेही तेच. मॅकडिलच्या ॲलिगेटरला नदी मिळाली, पण तक्रार होऊन पकडल्या जाणाऱ्या बहुतेक ॲलिगेटरांना ती मिळत नाही. चार फूट किंवा त्याहून लांब ॲलिगेटरची माणसाला, पाळीव प्राण्याला किंवा मालमत्तेला भीती वाटली, तर नागरिकाने एका ठरलेल्या क्रमांकावर फोन करायचा. आयोगाने नेमलेला पकडणारा येतो. दुसरीकडे सोडलेला ॲलिगेटर परत आपल्या पाण्याकडे निघतो, म्हणून त्याला सहसा मारले जाते. पकडणाऱ्याची खरी कमाई कातडे आणि मांस विकून होते. ॲलिगेटरला खाऊ घालणे फ्लोरिडात गुन्हा आहे, कारण आयते खायला मिळालेल्या जनावराची माणसाबद्दलची भीड चेपते आणि ते जवळ येऊ लागते. म्हणजे ज्याचा जीव जातो, त्याला पुष्कळदा माणसानेच बिघडवलेले असते. तीस सेकंदांच्या चित्रफितीत जबडा बांधेपर्यंतचा भाग असतो. गाडी निघून गेल्यावर चित्रीकरण थांबते.

*

आता खेळांकडे वळू. १९८२ मध्ये अटारीच्या यंत्रासाठी डेव्हिड क्रेन यांनी ‘पिटफॉल’ हा खेळ रचला. हॅरी नावाचा एक धाडसी माणूस जंगलातून पळतो. वीस मिनिटांत बत्तीस खजिने गोळा करायचे असतात. वाटेत तळे आणि तळ्यात तीन मगरींची डोकी. जबडे उघडतात, मिटतात, आणि त्यांच्या तालावर डोक्यांवर पाय देत पलीकडे जायचे. १९८८ मध्ये जपानच्या नामको कंपनीने ‘वानी वानी पॅनिक’ हे यंत्र आणले. खाचांतून मगरी जबडा वासून पुढे येतात आणि मुलाने हातोड्याने त्यांच्या डोक्यात हाणायचे. अमेरिकेत त्याच यंत्राच्या मगरी ॲलिगेटर झाल्या, आणि त्यामुळे खेळणाऱ्याला काही फरक पडला नाही. खेळाला हवा होता तो एक जबडा. तो जबडा कुणाचा, कोणत्या पाण्यातला, हा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता.

अशा खेळांचा एक शब्द आपल्या मुलांच्या तोंडीही बसला आहे : ‘लाइफ’. ‘माझी एक लाइफ गेली, अजून दोन आहेत.’ मगरीने हॅरीला गिळले की एक लाइफ जाते आणि दुसरा हॅरी पहिल्यासारखाच धडधाकट येऊन उभा राहतो. त्याच्या अंगावर ओरखडा नसतो आणि गेल्या खेपेची आठवणही नसते. त्या जगात मरण आहे, पण जखम नाही. खेळाची मजा त्यातच आहे हे मला मान्य आहे. पण एखाद्या प्राण्याशी आपली पहिली ओळख जर अशा जगात झाली, तर चाव्यानंतरही काही उरते ही कल्पनाच मनात रुजत नाही.

सगळे खेळ सारखे नाहीत, हेही इथेच सांगितले पाहिजे. २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या धर्तीवरचे एक शहर आणि त्याच्या भोवतीची दलदल आहे. तिथे मारलेल्या जनावराचे कातडे सोलावे लागते, ते सगळे डोळ्यांसमोर होते. शव घोड्यावर लादून फार वेळ हिंडलात तर ते कुजते. केलेल्या गोष्टीचे ओझे खेळणाऱ्यावर ठेवण्याची ताकद या माध्यमात आहे, याचा तो पुरावा. पण बहुतेक वेळा ती ताकद कोपऱ्यात पडून राहते.

आणि मग डिसेंबर २०२३ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ची पहिली झलक आली. खेळातले राज्य लिओनिडा, म्हणजे नाव बदललेला फ्लोरिडाच. त्या झलकेत एक ॲलिगेटर दुकानात शिरतो, एक पोहण्याच्या तलावातून ओढून बाहेर काढला जातो. ही दृश्ये कुणीतरी फोनवर टिपून समाजमाध्यमावर टाकल्यासारखी दाखवली आहेत. म्हणजे खेळाने फ्लोरिडाची दलदल पाहिली नाही, फ्लोरिडाची बातमी पाहिली. बातमीने गावाचा तमाशा केला, खेळाने त्या तमाशाची प्रतिकृती केली, आणि उद्या खऱ्या दुकानात खरा ॲलिगेटर शिरला की मथळा म्हणेल, अगदी खेळातल्यासारखे! या वर्तुळात टॅम्पाच्या माणसाला उभे राहायला जागाच नाही.

*

या वर्तुळाच्या तळाशी एक जुने, अतिशय वाईट चित्र आहे. ते पाहिल्याशिवाय डोचीच्या मांडीवरच्या जनावराचा अर्थ पुरता लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत फ्लोरिडाला येणाऱ्या गोऱ्या पर्यटकांना विकली जाणारी काही पोस्टकार्डे होती. त्यांवर कृष्णवर्णीय तान्ही मुले आणि त्यांच्याकडे सरकणारे ॲलिगेटर असत, आणि खाली मुलांना ‘ॲलिगेटरचे आमिष’ म्हटलेले असे. ही पोस्टकार्डे लोक घरी नातेवाइकांना हौसेने पाठवत. ॲलिगेटरच्या जबड्यात काळ्या मुलाचे डोके असलेल्या टेबलावर ठेवायच्या वस्तूही निघाल्या होत्या. मिशिगनमधल्या फेरिस स्टेट विद्यापीठाच्या जिम क्रो संग्रहालयाने असा ऐवज जपून ठेवला आहे, म्हणजे कुणाला ‘असे काही नव्हतेच’ असे म्हणता येऊ नये. मुलांना खरोखर आमिष म्हणून वापरत होते का, हा वादाचा प्रश्न आहे. पण त्यावर विनोद करून पैसे कमावले जात होते, यात वाद नाही. आणि त्या विनोदाची लांबी किती पाहा : फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाचे नावच गेटर्स. सामन्याला प्रेक्षक ‘गेटर बेट’ अशी आरोळी ठोकत. तिचा या इतिहासाशी असलेला संबंध मान्य करून विद्यापीठाने ती आरोळी बंद केली ती जून २०२० मध्ये.

आता पुन्हा ते मुखपृष्ठ डोळ्यांसमोर आणा. फ्लोरिडाची एक कृष्णवर्णीय मुलगी आणि एक ॲलिगेटर. पोस्टकार्डावर जी दोन पात्रे होती तीच. पण इथे मूल जबड्यापुढे पडलेले नाही. जनावर तिच्या मांडीवर विसावले आहे आणि ती कॅमेऱ्याकडे पाहते आहे. तिच्या मनात ते पोस्टकार्ड होते की नव्हते, मला माहीत असण्याची गरज नाही. चित्राला स्वतःची स्मृती असते. शंभर वर्षे एका बाजूने पाहिलेले दृश्य या चित्राने दुसऱ्या बाजूने पाहायला लावले.

ही दुसरी बाजू नवी नव्हती, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. झोरा नील हर्स्टन ही थोर लेखिका फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावात वाढली. १९२० च्या दशकाच्या शेवटी ती लोककथा गोळा करायला घरच्या मुलखात परतली आणि टॅम्पाच्या पूर्वेला लागून असलेल्या पोक काउंटीत, लाकूड कापणाऱ्या मजुरांच्या वस्तीवर जाऊन राहिली. त्या कथा १९३५ च्या ‘म्यूल्स अँड मेन’मध्ये आहेत. दिवसभर राबलेली माणसे तिथे एकमेकांना गोष्टी सांगतात, आणि त्यांत ॲलिगेटर येतो तो ‘ब्रेर गेटर’ म्हणून. ब्रेर म्हणजे भाऊ. तो फसतो, भांडतो, त्याची जीभ झिजते, त्याला ओळखीच्या माणसासारखे गुणदोष आहेत. ज्या काळात पोस्टकार्डावर तो काळ्या मुलांना गिळत होता, त्याच काळात काळ्या मजुरांच्या ओसरीवर तो भाऊबंदकीतला एक होता. एक चित्र छापले गेले, टपालाने देशभर गेले. दुसरे तोंडातोंडी राहिले आणि हर्स्टनने उतरवून घेतले म्हणून वाचले. डोची या दुसऱ्या चित्राची वारस आहे.

*

तिची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे ओळीने ऐकली की हा वारसा हळूहळू हाती येताना दिसतो. २०२० च्या ‘ओह द प्लेसेस यू विल गो’ या छोट्या संग्रहाचे नाव डॉ. स्यूस यांच्या बालपुस्तकावरून घेतलेले आहे. त्यातले ‘यकी ब्लकी फ्रूटकेक’ हे गाणे पुढच्या वर्षी टिकटॉकवर पसरले आणि तिचे नाव टॅम्पाबाहेर गेले. त्या गाण्याचे नावही एका मुलांच्या पुस्तकातले. शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गासमोर उभे राहून स्वतःची ओळख करून द्यावी तसा त्याचा बाज आहे. आवाज मध्येच लहान होतो, मध्येच मोठा. या टप्प्यावर दलदल अजून गाण्यात आलेली नाही. आहे ती एक हुशार, अस्वस्थ मुलगी, जिला आपण कुठल्या हे सांगण्यापेक्षा आपण कोण हे सांगायची घाई आहे.

२०२२ मध्ये टॉप डॉग या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने तिला करारबद्ध केले. त्या कंपनीने घेतलेली ती पहिली स्त्री रॅपर. त्याच वर्षीच्या ‘शी / हर / ब्लॅक बिच’ या पाच गाण्यांच्या संग्रहात तिने आपल्यासारख्या मुलींना हिणवायला वापरली जाणारी शिवी उचलून सर्वनामांच्या रांगेत बसवली, आणि एका गाण्याच्या नावातच दलदल आणली. टॅम्पापासून दूर गेल्यावर टॅम्पाची माती शब्दांत येऊ लागली. हे आपल्याला अनोळखी नाही. कोकणातला माणूस मुंबईत येऊन पोचेपर्यंत कोकणावर लिहीत नाही.

२०२४ च्या संग्रहात ती दलदल नावागणिक जिवंत होते : ‘बुलफ्रॉग’, ‘कॅटफिश’, ‘फायरफ्लाइज’, ‘डेथ रोल’, ‘बॉइल्ड पीनट्स’. बेडूक, मासा, काजवे, आणि भक्ष्य जबड्यात धरून पाण्यात गरागरा फिरण्याची ॲलिगेटरची ती भयंकर लकब. शेवटचे नाव वाचून मी थबकलो. अमेरिकेच्या दक्षिणेत रस्त्याकडेला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा विकतात. आपल्याकडे पावसाळ्याच्या अखेरीस घराघरांत ज्या वासाने भूक लागते तोच हा वास. बाहेरून आलेला कॅमेरा ॲलिगेटर टिपतो, शेंगा टिपत नाही. ज्याच्या गाण्यात दोन्ही येतात तो तिथला.

पण जागेची खूण एवढेच या संग्रहाचे बळ असते तर मी त्यावर इतके लिहिले नसते. त्याचा खरा विषय ‘नंतर’ हा आहे. ‘डिनायल इज अ रिव्हर’ या गाण्यात डोची स्वतःच दोन आवाजांत बोलते. एक आवाज समुपदेशकासारखा, शांतपणे विचारणारा : मधल्या काळात काय काय झाले ते सांग. दुसरा आवाज हसत, टाळत, घसरत सगळे सांगत जातो : फसवणूक करणारा मित्र, अचानक आलेला पैसा, नशा, राग, आपण आपल्याच हातून निसटत चालल्याची भीती. नावातली कोटीही पाहण्यासारखी आहे. इंग्रजीत ‘डिनायल’ आणि ‘द नाइल’ सारखेच ऐकू येतात, आणि नाइल ही तर मगरींची नदी. नाकारत राहणे ही नदी आहे, आणि त्या पाण्याखाली काय पहुडले आहे हे काठावरून दिसत नाही. शेवटी शब्द संपतात आणि फक्त श्वास उरतो. आत, बाहेर, आत, बाहेर. सुरुवातीला व्यायाम म्हणून घेतलेला श्वास बघता बघता तालात शिरतो. रॅप हा शब्दांचा मारा करणारा प्रकार. त्यात तिने श्वास घेणे हीच कृती गाणे करून दाखवली. चावा बसलेल्या माणसाला नंतर हेच तर करायचे असते : पुढचा श्वास.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी या संग्रहाला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचे ग्रॅमी मिळाले. १९९६ पासून दिल्या जाणाऱ्या या पारितोषिकावर नाव कोरणारी ती तिसरी स्त्री. आधी १९९७ मध्ये फ्यूजीज या गटातून लॉरिन हिल, मग २०१९ मध्ये कार्डी बी. त्या रात्री डोचीने नशा सोडण्याबद्दल बोलणे टाळले नाही, आणि टॅम्पाचे नावही घेतले : तिथे किती गुण आहेत ते येऊन पाहा, असे तिने संगीत कंपन्यांना सांगितले. दहा महिन्यांपूर्वी ज्या गावाचे नाव जगाने विमानाखालच्या ॲलिगेटरमुळे ऐकले होते, त्या गावाचे नाव आता वेगळ्या कारणाने घेतले जात होते.

*

यावर एक आक्षेप सरळ समोर येतो. डोचीनेही ॲलिगेटर विकलाच ना? मुखपृष्ठ, दलदलीच्या राजकन्येचे बिरुद, ‘स्वॅम्प सेशन्स’ नावाच्या चित्रफिती, हे सगळे बाजारासाठीच. कंपनी कॅलिफोर्नियाची, प्रेक्षक जगभरचा. मग पोस्टकार्ड विकणाऱ्यात आणि तिच्यात फरक काय?

आक्षेप खोटा नाही. ती बाजारात उभी आहे. पण बाजारात उभे राहणाऱ्यांतही एक भेद असतो : विकणाऱ्याने स्वतःचे काय पणाला लावले? पोस्टकार्ड विकणाऱ्याचे काहीच पणाला लागले नव्हते. मूल दुसऱ्याचे होते. चित्रफीत पसरवणाऱ्याचेही काही जात नाही. अटक दुसऱ्याची असते, जनावर दुसऱ्या गावचे असते. खेळात आपले काही पणाला लागू नये अशीच रचना असते. डोचीने पणाला लावली ती स्वतःची लाज. आपली नशा, आपला खोटेपणा, आपली भीती तिने त्या जनावराशेजारी ठेवली. आणि तिच्या संग्रहात ॲलिगेटर फक्त बाहेरून चावणारा राहत नाही. ‘डेथ रोल’ हे भक्ष्याचे नाव नव्हे, ते शिकाऱ्याच्या कृतीचे नाव आहे. कधी ती चावा खाल्लेली आहे, कधी तीच जबडा आहे. बाहेरच्याला या दोन भूमिका एका माणसात दिसत नाहीत; त्याला एक बळी हवा असतो आणि एक राक्षस.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एखाद्या जागेची गोष्ट फक्त तिथल्यानेच सांगावी, असे म्हणू लागलो तर लेखन, पत्रकारिता, अनुवाद, सगळेच थांबेल. टॅम्पावर लिहिणारा मीही गप्प बसायला हवा. म्हणून मी तसे म्हणत नाही. हर्स्टनसुद्धा त्या मजुरांच्या वस्तीवर बाहेरूनच गेली होती, हातात विद्यापीठाचे शिक्षण घेऊन. पण ती तिथे राहिली, त्यांच्या गोष्टी ऐकायला बसली. जन्माने तिथला असणे हा ‘नंतर’पर्यंत पोचण्याचा एक मार्ग झाला, थांबणे हा दुसरा. बातमीदाराला तो बंद नाही. सांगलीत कृष्णेकाठी मगर दिसल्याची बातमी देणारा वार्ताहर जेव्हा पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या घाटावर जातो आणि धुणे धुवायला येणाऱ्या बायकांना विचारतो की आता तुम्ही कुठल्या वेळी येता, तेव्हा तोही कलेच्याच वाटेवर असतो.

आपल्याकडे तर या विषयाला घरचीच उदाहरणे आहेत. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर रात्री फिरणाऱ्या मगरीची चित्रफीत आपण सगळ्यांनी पाहिली. ती अशीच पाहिली, तीस सेकंद. आपली मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारता येत नाही, वनखाते पकडून सोडते. कायद्याने तिला जीव दिला, पण भाषेने काय दिले? ‘नक्राश्रू’ आणि ‘मगरमिठी’. एक ढोंगासाठी, दुसरा जीवघेण्या पकडीसाठी. तरी याच मातीत दुसरी नजरही आहे. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या दुर्भाटसारख्या गावात पौष अमावास्येला ‘मांगे थापणी’ होते. खाजणाच्या काठी चिखलाची मगर थापतात, तिला सजवतात, तिची पूजा करतात. ज्या पाण्यात ती राहते त्याच पाण्याला बांध घालून ही माणसे भात पिकवतात, मासे धरतात. ती चावू शकते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. म्हणूनच तिला ओळख द्यावी लागते. ‘ब्रेर गेटर’ आणि ही चिखलाची मगर एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, पण दोघांमागचे शहाणपण एकच आहे : ज्याच्याशेजारी आयुष्य काढायचे, त्याच्याशी नाते जोडावे लागते.

*

शेवटी पुन्हा त्या नावाकडे येतो. ॲलिगेटरचे चावे कधीच भरून येत नाहीत, हे वैद्यकाच्या दृष्टीने अक्षरशः खरे नाही, पण पुरते खोटेही नाही. त्याच्या तोंडात आणि दलदलीच्या पाण्यात असे जिवाणू असतात की चाव्याची जखम सहज चिघळते. आणि आश्चर्य हे की ॲलिगेटर आपसांत भांडतात, एकमेकांचे लचके तोडतात, त्याच घाण पाण्यात राहतात, तरी त्यांच्या जखमा भरतात. लुइझियानातल्या संशोधकांनी त्यांच्या रक्तात जिवाणूंना मारणारे घटक शोधले आहेत. चावणाऱ्याची जखम भरते. ज्याला चावले त्याची चिघळते. पोस्टकार्डाचा इतिहास याच एका वाक्यात मावतो.

अशा जखमेचे डॉक्टर काय करतात, तेही पाहण्यासारखे आहे. जनावराच्या चाव्याची खोल जखम ते बऱ्याचदा लगेच शिवत नाहीत. वरून टाके घातले की आतला दोष आतच कोंडतो आणि पसरतो. म्हणून ती धुतात, साफ करतात आणि काही दिवस उघडी ठेवतात. रोज पाहतात. वास घेतात. पुन्हा धुतात. दिसायला ते वाईट दिसते, आणि रुग्णाला वाटते की हे बंद का करत नाहीत.

बातमी जबडा बांधला की टाका घालते. खेळ नवी लाइफ देऊन टाका घालतो. डोचीने एकोणीस गाणी ती जखम उघडी ठेवली, आणि आपल्याला तिच्याजवळ बसवले.